काळ्या गाडीवरची जाळी

माझ्या नवऱ्याला आरशाशिवाय भांग पाडताना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका बाईच्या गाडीसमोर. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि लग्न होऊन मी नुकतीच धुळ्याहून जळगावला आले होते. डॉक्टरांच्या कसल्याशा स्नेहसंमेलनाला आम्ही स्कूटरवरून गेलो. वाऱ्यानं दोघांचेही केस विस्कटले होते. हॉलच्या बाहेर निंबाखाली एक काळी ॲम्बॅसडर उभी होती. नवऱ्यानं खिशातून कंगवा काढला आणि तो सरळ तिच्या बॉनेटवर वाकला.

"अरे, कुणाची गाडी आहे?" मी विचारलं.

"अक्कांची. वाक, तुलाही दिसेल."

मी वाकले. मला माझा चेहरा दिसला, मागे निंबाची पानं सुटी सुटी दिसली आणि पानांच्या मागे आभाळ दिसलं. माझं कुंकू जरा पसरलं होतं, ते मी तिथेच बोटानं नीट केलं. ज्या बाईच्या गाडीत माझं कुंकू नीट झालं, तिला मी अजून पाहिलंही नव्हतं. पण हेवा वाटायला माणूस बघावाच लागतो असं नाही.

अक्का बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टर होत्या. मीही तीच. फरक एवढाच की त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि निम्मं जळगाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं, आणि मी नवी होते. त्या मूळच्या धरणगावकडच्या, कपाशीच्या घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच, सावळ्या, पुरुषी पट्ट्याचं घड्याळ, इस्त्रीची सुती साडी. आपली गाडी त्या स्वतः चालवायच्या, आणि त्या काळात गाडी चालवणारी बाई बघायला पानटपरीवरची माणसं उठून उभी राहायची. माझा नवरा भूल देणारा डॉक्टर. तो त्यांच्याही दवाखान्यात जायचा आणि माझ्याही. त्यामुळे त्यांचा हात कसा चालतो याचं वर्णन मला घरबसल्या ऐकायला मिळायचं. भाकरी मोडता मोडता तो म्हणायचा, "आज अक्कांनी टाके घातले ना, नुसतं बघत राहावं असे." मी भाजी वाढता वाढता थांबायचे. माझ्या टाक्यांबद्दल तो काही वाईट बोलत नसे. पण चांगलंही बोलत नसे.

त्याला त्या 'डॉक्टर' म्हणायच्या. मला 'सूनबाई'. माझीही पदवी तीच होती, माझ्याही दारावर पाटी होती, तरी मी सूनबाई. यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता हे मला कळायचं, आणि म्हणून ते जास्त टोचायचं.

बाळ झालं की डॉक्टरला पेढे येतात. अक्कांकडे धोतरं यायची. नवऱ्यानं हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थट्टा वाटली होती. अक्कांचं म्हणणं असं की काळ्या रंगाला लावायचं फडकं दुकानात विकत मिळत नाही. नवं कापड कितीही मऊ लागलं तरी त्यात खळ असते. दवाखान्यातली जाळीदार पट्टी तर काळ्या रंगाला शत्रूसारखी. म्हाताऱ्या माणसानं वर्षानुवर्षं नेसलेलं, दगडावर आपटून आपटून विरलेलं धोतर, त्याचे काठ कापून टाकले की जे उरतं तेच खरं फडकं. तेव्हा नातू झालेला कुणी आजोबा हात जोडून "अक्का, काय देऊ?" म्हणाला की त्या विचारायच्या, "घरात जुनं धोतर आहे का, आबा?"

एकदा मी त्यांच्या दवाखान्यात एका रुग्णाबद्दल विचारायला गेले होते, तेव्हा हे माझ्यासमोर घडलं. खेड्यातला एक आबा पायरीवर बसला होता. अक्कांचा प्रश्न ऐकून त्यानं स्वतःकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "नेसेल शे तेच बठ्ठास्मा जुनं शे, अक्का. घर जाईसन धाडस."

अंगावरचंच सगळ्यात जुनं होतं, ते तो घरी जाऊन पाठवणार होता. अक्का तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "धुऊन पाठवा. नीळ नका घालू."

त्या आठवड्यात माझ्याकडे पेढ्यांचे खोके आले होते, मी ते शेजारीपाजारी वाटून टाकले होते. माझ्यासाठी कुणी घरातली पेटी उघडून जुनं काही शोधलं नव्हतं. खोक्यातल्या पेढ्याला घराचा वास नसतो.

रविवारी सकाळी अक्का गाडीला बसायच्या. 'बसायच्या' हा शब्द गल्लीतल्या लोकांचा, पूजेला बसतात तसा. घड्याळ काढून ठेवायच्या, कोपरापर्यंत हात धुवायच्या, ऑपरेशनचा हिरवा झगा चढवायच्या, कारण त्याच्या नाड्या पाठीमागे असतात आणि पुढून एकही बटण गाडीला घासत नाही. डोक्याला टोपी. येणारा-जाणारा क्षणभर घाबरायचा. मग टपापासून नुसतं पाणी सोडायचं, हात न लावता, धूळ आपण होऊन वाहून जाईपर्यंत. मग वरून खाली, टप आधी, दारांची खालची बाजू शेवटी. फडकं जमिनीवर पडलं की ते त्या गाडीपुरतं मेलं. ते उचलून झटकून परत वापरणाऱ्या माणसाशी त्या बोलणं सोडत असत.

सगळ्यात मोठा त्यांचा हट्ट, गोल पुसायचं नाही. पुढून मागे, सरळ. पुढे एकदा माझ्या नवऱ्यानं सवयीनं गोल हात फिरवला, तर त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"डॉक्टर, सरळ ओरखडा एका बाजूनं दिसतो. गोल ओरखडा ऊन कुठूनही आलं तरी दिसतो. पुसणारा हजारदा गोल फिरतो आणि मग म्हणतो, गाडी जुनी झाली."

आमचं बरं चालायला लागलं तेव्हा आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. नवऱ्याला पांढरी हवी होती. जळगावचं ऊन, जळगावची धूळ, पांढरी गाडी घेणं शहाणपणाचं होतं. मी म्हटलं काळी. एका जिनिंगवाल्यांची जुनी काळी ॲम्बॅसडर विकायला निघाली होती, ती घेतली. गाडी चालवायला युसूफभाई आले. ते आधी एका केळीच्या व्यापाऱ्याकडे होते, अतिशय सज्जन माणूस, आणि त्यांना गाडी पुसायचा फार उत्साह. सकाळ-संध्याकाळ, वेळ मिळेल तेव्हा, खिशातलं कोरडं फडकं काढून धूळ झटकायचे आणि मग गोल गोल हात फिरवायचे. सावलीत गाडी छान दिसायची. मीही खूश होते.

मग एका दुपारी मी कोर्टाजवळ गाडीतून उतरले आणि सहज मागे वळून बघितलं. बॉनेटवर सूर्य पडला होता. त्या सूर्याभोवती कोळ्यानं विणावी तशी जाळी दिसत होती. बारीक बारीक रेषा, एकात एक वर्तुळं. मी चार पावलं सरकले तर जाळीही माझ्याबरोबर सरकली. दारावर बघितलं, तिथेही. डिकीवर बघितलं, तिथेही. रस्त्याच्या पलीकडे, योगायोग म्हणा, अक्कांची गाडी उभी होती. तिच्यावर तोच सूर्य पडला होता आणि त्याच्याभोवती काहीही नव्हतं. काळ्या पाण्यात ठेवलेल्या नाण्यासारखा तो एकटा होता.

त्या दिवसापासून मला त्या गाडीकडे न बघणं अशक्य झालं. कुठेही दिसली तरी मी थांबायचे आणि जाळी शोधायचे. सापडायची नाही.

विचारायला जाणं मला शक्य नव्हतं, म्हणून मी नवऱ्याला पाठवलं. हेर म्हणून गेला आणि शिष्य होऊन परत आला. पुढे तो दर रविवारी जायला लागला. दुपारी घरी यायचा तेव्हा बोटं काळी असायची आणि चेहरा असा शांत, जसा मी कधी त्याचा आमच्या घरात पाहिला नव्हता. मी विचारायचे, "काय बोलता इतका वेळ?"

"काही नाही. मी डावं दार करतो, त्या उजवं करतात."

काही बोलत नाहीत हे ऐकून मला जास्त वाईट वाटायचं. मनाला काही वावगं शिवलं नाही. त्या त्याच्या आईच्या वयाच्या होत्या. पण आम्ही दोघं नवरा-बायको बोललो नाही तर ते भांडण असायचं, आणि तिथे न बोलणं हे काहीतरी कमावल्यासारखं होतं.

त्यानं आणलेली माहिती मात्र मी कान देऊन ऐकायचे. अक्कांच्या कपाटात औषधांसारखे डबे होते. एक दुधासारखं पातळ पॉलिश, बाजारात सगळीकडे मिळणारं. ते झटपट चमकतं, पहिल्या धुण्यात जातं, आणि फटींत पांढरं राहतं. ते त्यांनी फक्त न वापरायची आठवण म्हणून ठेवलं होतं. दुसरं मोहळाचं मेण. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यातून मध काढणारी माणसं त्यांना आणून द्यायची, त्या ते टर्पेंटाइनमध्ये विरघळवायच्या. त्यानं काळा रंग ओला दिसतो, नुकताच पाण्यातून काढल्यासारखा. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते मऊ पडतं, धूळ त्याला चिकटते, आणि ती धूळ पुसताना पुन्हा जाळी. तिसरं ताडासारख्या कुठल्याशा परदेशी झाडाच्या पानांचं मेण, एका बाळंतिणीच्या भावानं आखातातून आणलेलं. गुळासारखं कठीण. चमक जरा कोरडी, पण उन्हात टिकणारी. म्हणून थंडीत मोहळाचं, होळीनंतर ताडाचं. डिसेंबरात ते कठीण मेण कुणी लावलेलं त्यांना चालायचं नाही. "थंडीत गाडीला जरा खोल दिसू द्यावं," म्हणायच्या.

मी आखातात असलेल्या मावसभावाला सांगून तसाच डबा मागवला. डबा आला त्या रविवारी युसूफभाईंना बाजूला करून मी स्वतः बसले. बोटभर मेण, पातळ थर, सावलीत, धुरकट झालं की पुसून घ्यायचं. गाडी खरंच चमकली. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्या दवाखान्यासमोरून जात होत्या. गाडी थांबवून उतरल्या. माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारली, उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"सूनबाई, मेण चांगलं निवडलंस," त्या म्हणाल्या. "पण जाळीवरच लावलंस. मेणानं जाळी जात नाही, झाकते. पावडर लावल्यासारखं. आधी जाळी काढ, मग मेण."

"कशी काढायची?"

"रंगच थोडा काढायचा. जाळीच्या खालपर्यंत. बारीक पेस्ट घ्यायची, ट्रकवाले वापरतात ती जाडी नाही. हाताला जोर नको. फडक्यावर काळं येईल. ते काळं परत येत नसतं, म्हणून गरजेपेक्षा जास्त काढायचं नाही." मग गाडीत बसता बसता म्हणाल्या, "रविवारी ये. दाखवते."

मी गेले नाही. शिकायचं होतं, पण शिकवलेलं नको होतं.

पुढची गोष्ट आरोग्य तपासणीच्या शिबिराची. धरणगावच्या पुढे एका खेड्यात, शाळेत, बायकांची तपासणी होती. आम्ही दोघी गेलो, त्या आपल्या गाडीनं, मी माझ्या. माझा नवरा जळगावलाच होता. दुपारी एका गरोदर बाईला खाटेवर घालून आणलं. माझीच रुग्ण होती. तिची वार खाली आलेली होती आणि रक्त जायला लागलं होतं. तिची सासू खाटेच्या पायाशी उभी होती. अशा बाईला ताबडतोब ऑपरेशन लागतं, आणि त्यासाठी जळगाव गाठायला हवं होतं.

युसूफभाई धावत आले. "मॅडम, नाल्यावरचा फरशी पूल खणून ठेवलाय. सकाळी आलो तो रस्ता बंद. आता गाडवाट धरावी लागेल. दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, गाडी मावते न मावते. गाडी सोलून निघेल."

मी तोंड उघडलं. मी काय म्हणणार होते हे मला पक्कं माहीत आहे. मी म्हणणार होते, चला. आजवर मी हे अनेकांना सांगितलंय आणि कुणी शंकाही घेतलेली नाही. पण मी ते म्हणायच्या आत अक्कांच्या गाडीचं मागचं दार उघडलेलं होतं आणि त्या स्वतः बाईच्या काखेखाली हात घालून तिला आत घेत होत्या.

"सूनबाई, तू मागे बस तिच्याजवळ. नाडी सोडू नकोस. मी चालवते."

सासूला पुढे बसवून आम्ही निघालो. गाडवाटेवर शिरल्यावर जो आवाज सुरू झाला तो मी कधी विसरणार नाही. काचेवर नखं ओढावीत तसा, दोन्ही बाजूंनी, एकसारखा. बाभळीच्या फांद्या वाकायच्या आणि गाडीच्या अंगावरून शेवटपर्यंत ओढत जायच्या. मी बाईची नाडी धरून होते आणि अक्कांच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही. गाडीचा वेग कमी झाला नाही. एकदाही त्यांनी बाहेरच्या आरशात बघितलं नाही.

जळगावला माझ्या दवाखान्यात मी ऑपरेशन केलं. माझ्या नवऱ्यानं भूल दिली. अक्का बाजूला उभ्या होत्या, हात मागे बांधून. अवघड ऑपरेशन होतं, आणि मी ते चांगलं केलं. बाई वाचली, मूल वाचलं, मुलगी झाली. शेवटचा टाका घालून मी मान वर केली तेव्हा नवरा माझ्या हाताकडे बघत होता. तो काही बोलायच्या आत बाहेर गलका झाला म्हणून आम्ही गेलो. दवाखान्यासमोर लोक जमले होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे गाडी बघत होते.

पुढच्या मडगार्डपासून मागच्या दिव्यापर्यंत दोन्ही बाजू ओरबाडून निघाल्या होत्या. बाईची सासू गाडीच्या दारावरून हळूहळू तळवा फिरवत होती, जसा गाईच्या पाठीवरून फिरवतात. म्हणत होती, "मनी सूनसाठे हाई लागनं तुले. मनी सूनसाठे."

अक्का शेजारी उभ्या होत्या. त्या गाडीला कुणाला हात लावू देत नसत. त्या बाईचा हात त्यांनी फिरू दिला.

खरं सांगते, मला त्या क्षणी एका गोष्टीचं बरं वाटलं होतं. आता तरी आमच्या दोन्ही गाड्या सारख्या झाल्या, असं मनात येऊन गेलं.

पुढच्या रविवारी मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. नवरा म्हणाला चल, आणि मी गेले. अक्का डाव्या बाजूला स्टुलावर बसून प्रत्येक ओरखड्यावरून नख फिरवत होत्या. नख अडकलं नाही तर पेस्ट. नख अडकलं तर पुढे.

"हे का सोडताय?" मी विचारलं.

"खोल आहे. हा काढायचा तर रंगाच्या तळापर्यंत जावं लागेल. मग ओरखडा जाईल आणि रंगही जाईल. पोट शिवताना तू जुना व्रण कापून काढतेस का प्रत्येक वेळी?"

माझ्या हातात त्यांनी फडकं दिलं. मी दाराचा खालचा भाग केला. बारीक पेस्ट, जोर न लावता, पुढून मागे. फडक्यावर काळं यायला लागलं तसं माझ्या लक्षात आलं की माझा श्वास मंद झालाय आणि मला काही बोलायचं नाहीये. मला नवऱ्याचा रविवार कळला. कळला म्हणून राग गेला असं मात्र नाही.

बारीक रेषा गेल्या. खोल राहिल्या, त्यांवर मेण लागलं. आणि मग जे झालं त्यानं माझी पुरती पंचाईत केली. त्या ओरखड्यांमुळे गाडीचं नाव वाढलं. बाजारात लोक पोरांना दाखवायचे, हीच ती बाभळीतून आलेली गाडी. लग्नात नवरदेवासाठी तीच मागायचे, लांबलचक नवी गाडी सोडून. मी ऑपरेशन केलं होतं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. माझ्या गाडीवर एकही खोल ओरखडा नव्हता. मला त्यांच्या चकाकीचा हेवा वाटला होता, आता त्यांच्या ओरखड्यांचाही वाटायला लागला.

वर्षं गेली. नव्वदी उजाडली. रस्त्यावर छोट्या नव्या गाड्या आल्या, आमची काळी आम्ही विकली नाही. मी जाळी काढायला शिकले होते आणि माझी गाडीही आता उन्हात बरी दिसायची. पण अक्कांच्या गाडीकडे बघायची माझी सवय सुटली नव्हती. आणि एका दिवाळीनंतर मला ती दिसली. त्यांच्या डाव्या मडगार्डवर, अगदी फिकट, एक जाळी. मला स्वतःवर विश्वास बसेना. काही दिवसांनी बॉनेटवरही दिसली. मी कुणाला बोलले नाही. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली गोष्ट कुणाला सांगावीशी वाटली नाही.

संक्रांतीच्या सुमारास त्यांचा निरोप आला, दुपारी येऊन जा. मी गेले. गाडी अंगणात उन्हात काढून ठेवली होती. त्यांचा कंपाउंडर तिथे होता, माझा नवराही होता. मी पोचले तेव्हा नवरा म्हणत होता, "नाही हो अक्का. आरसा आहे नुसता." कंपाउंडरही म्हणाला, "आरसाच आहे."

अक्का माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टर, तुम्ही जरा बघा. जाळी दिसते का?"

त्यांनी मला पहिल्यांदाच डॉक्टर म्हटलं होतं. मी उन्हाकडे पाठ करून उभी राहिले. बघायची गरजच नव्हती.

"दिसते," मी म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते.

"कुठे?"

"सगळीकडे. बॉनेटवर जास्त. मडगार्डवर दिवाळीनंतर सुरू झाली, डाव्या. टपावर मला नीट बघता आलेलं नाही."

अक्का बॉनेटजवळ गेल्या. मग वाकल्या, डोळे जवळ नेले, बारीक केले.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "हाताला काहीतरी वेगळं लागतंय म्हणून विचारलं. याला विचारलं, त्याला विचारलं, सगळे आरसा म्हणतात. त्यांचा जीव आहे माझ्यावर, त्यांना काय दिसणार? मग म्हटलं, तुम्हाला विचारावं. माझ्या गाडीकडे तुमच्याइतकं नीट कुणी बघितलेलं नाही."

त्यांना इतकी वर्षं माहीत होतं, आणि त्या रागावलेल्याही नव्हत्या. चोरी पकडली गेल्यावर माल परत घ्यायलाच कुणी तयार नसावं, तसं झालं माझं.

"उद्या माझ्याकडे एक सिझेरियन आहे," त्या म्हणाल्या. "जी रेघ मला बॉनेटवर दिसत नाही ती पोटात काय दिसणार? तुम्ही करा. आणि पुढचीही तुम्हीच करा."

"अक्का, मोतीबिंदू असेल. ऑपरेशन झालं की..." नवरा म्हणाला.

"होईल ते. पण उद्याच्या बाईनं तोवर थांबायचं का?"

त्या घरात गेल्या. आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो. मी जिंकले होते, आणि मला बसायला खुर्ची हवी होती.

त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे झालं, जाड काचांचा चष्मा आला, पण चाकू त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. दवाखाना बंद केला. त्यांच्या रुग्ण बायका माझ्याकडे यायला लागल्या, एकेक, मग रांगेनं. मला जे हवं होतं ते सगळं आलं. प्रत्येक बाई खुर्चीत बसण्याआधी सांगायची, "अक्कांनी पाठवलं. म्हणाल्या, त्यांचा हात चांगला आहे." इतक्या वर्षांत माझ्या हाताबद्दल त्या मला एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि गावभर सांगत होत्या. ते ऐकूनही मला आधी बोचायचं, मग बरं वाटायचं. क्रम कधी उलटा झाला नाही.

घरी बसून त्यांना करमेना. माझ्या नवऱ्यानं मला न विचारताच त्यांना सांगून टाकलं की सकाळी आमच्याकडे येऊन बसत जा. त्या यायला लागल्या. माझ्या टेबलाच्या बाजूला त्यांची खुर्ची. कुणाला तपासायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, येणाऱ्या बायकांशी बोलायच्या. काही बायका मला नमस्कार न करता आधी त्यांना करायच्या. मी औषधाची चिठ्ठी लिहीत राहायचे.

एका सकाळी नरडाण्याकडून एक म्हातारी तिच्या गरोदर मुलीला घेऊन आली. दोघी पहिल्यांदाच जळगावला आल्या होत्या, दमल्या होत्या. म्हातारी दारातच उभी राहिली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अक्कांच्या जाड चष्म्याकडे.

"काळी गाडीवाली डॉक्टरीण कोन शे?" तिनं विचारलं. "बठ्ठा गाव सांगस, तिनाकडेच जा."

बाहेर उन्हात माझी काळी गाडी उभी होती. अक्कांची त्यांच्या घरी होती. मी तोंड उघडलं आणि मला काय म्हणायचंय ते मला कळेना. मी जर हो म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

"याच," अक्का म्हणाल्या, आणि उठून आपली खुर्ची त्या गरोदर मुलीकडे सरकवली. "बस बाई. याच त्या."

म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. तो नमस्कार माझ्यासाठी नव्हता हे अक्कांना माहीत होतं आणि मलाही. मी हात सोडवून घेतले, मुलीला आत यायला सांगितलं आणि नळाखाली हात धुवायला गेले.